लेडीस्मिथ : 'बायकी पिस्तुला'ची सव्वाशे वर्षे

#थ्रेड #इतिहास

१९०२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्ड गावच्या स्मिथ अँड वेसन कारखान्याने एक रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते तळहातात मावेल एवढे होते. .२२ कॅलिबरची, म्हणजे जेमतेम साडेपाच मिलिमीटर व्यासाची सात काडतुसे त्यात बसत. नाव ठेवले 'लेडीस्मिथ'.

कंपनीच्या नावातले 'स्मिथ' आणि 'लेडी' हा शब्द यांची ती कोटी होती. शिवाय ते नाव तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या कानावर होते. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमधील लेडीस्मिथ या गावाला बोअर सैन्याने घातलेला वेढा फेब्रुवारी १९०० मध्येच उठला होता. (ह्याच वेढ्याच्या मोहिमेत मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर सुमारे अकराशे हिंदी स्वयंसेवकांचे रुग्णवाहिका पथक घेऊन जखमींच्या डोल्या वाहत होते.)

त्या गावाचे नाव ज्या बाईवरून पडले तिची कथाही सांगून टाकतो, कारण ती आजच्या विषयापासून फार दूर नाही. हुआना मारिया ही स्पॅनिश मुलगी. १८१२ मध्ये इंग्रजांनी बादाहोस शहर जिंकले आणि त्यांचे सैन्य लुटीत व अत्याचारांत बेभान झाले, तेव्हा चौदा वर्षांची हुआना आपल्या बहिणीसह इंग्रज अधिकाऱ्यांच्या छावणीत आसरा मागायला आली. त्यांतल्याच हॅरी स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याशी काही दिवसांत तिचे लग्न झाले. हा हॅरी स्मिथ म्हणजे पुढे १८४६ मध्ये सतलजकाठी अलीवालच्या लढाईत शिखांविरुद्ध जिंकलेला सेनापती. सैनिकांपासून जीव वाचवायला सैनिकांच्याच छावणीत शिरावे लागलेल्या मुलीचे नाव आधी एका गावाला मिळाले, आणि पुढे तेच अक्षरांचे नाव बायकांसाठी बनवलेल्या पिस्तुलावर कोरले गेले.

आजचा धागा ह्या पिस्तुलाविषयी, आणि त्यामागच्या एका जुन्या प्रश्नाविषयी आहे. आत्मसंरक्षणासाठी पहिल्यांदाच पिस्तूल घेणाऱ्या स्त्रीने कोणते घ्यावे? ह्या प्रश्नाला अमेरिकेत निदान दीडशे वर्षे उत्तरे दिली जात आहेत. उत्तरे देणारे बहुतेक पुरुष होते, आणि त्यांतले पुष्कळसे विक्रेते होते. धागा मोठा आहे, सवडीने वाचावा.

आधी थोडे तंत्र. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिस्तूल घरात भरून ठेवणे हा मोठा खटाटोप होता. दारू, गोळी आणि टोपी वेगवेगळी भरायची. हवेतल्या दमटपणाने दारू सर्दावली की ऐन वेळी बार फुसका. थंडीत हात ऊबदार ठेवण्यासाठी बायका वापरत त्या केसाळ 'मफ'मध्ये दडवायची चिमुकली पिस्तुले युरोपात होती, पण ती श्रीमंतांची, आणि भरवसा बेताचा.

१८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनने आपले पहिले रिव्हॉल्व्हर काढले आणि हे चित्र बदलले. त्यात दारू, गोळी आणि ठिणगी पेटवणारे रसायन तिन्ही एकाच धातूच्या काडतुसात बंद होते. फिरत्या चक्राला आरपार भोके पाडण्याची युक्ती रोलिन व्हाइट ह्या इसमाच्या नावे पेटंट होती. कंपनी त्याला प्रत्येक नगामागे पंचवीस सेंट देत असे. हे पेटंट १८६९ पर्यंत चालले. ते संपताच स्वस्त, छोट्या रिव्हॉल्व्हरांचा पूर आला. आता पिस्तूल महिनोन्महिने टेबलाच्या खणात तयार राहू शकत होते. ज्याला शस्त्रविद्येतले काहीही येत नाही अशा माणसालाही ते विकता येऊ लागले. स्त्री ही 'गिऱ्हाईक' म्हणून ह्या बाजारात येते ती इथे.

रेमिंग्टन कंपनीचे दोन नळ्यांचे 'डेरिंजर' १८६६ पासून १९३५ पर्यंत बनत राहिले. त्याचे नाव फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर ह्या कारागिरावरून पडले. त्याच्याच हातच्या पिस्तुलाने १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांचा खून झाला होता. खिशात दडणारे शस्त्र कुणाच्याही खिशात दडते, ही गोष्ट इतिहासाने त्या बाजाराला अगदी आरंभीच दाखवून दिली होती.

पण घरातल्या भरलेल्या पिस्तुलाने एक नवी भीतीही आणली : ते मुलांच्या हाती लागले तर? १८८७ मध्ये स्मिथ अँड वेसनने 'सेफ्टी हॅमरलेस' नावाचे रिव्हॉल्व्हर काढले. त्याचा घोडा आत लपवलेला होता, म्हणजे खिशातून वा पर्समधून काढताना कपड्यात अडकू नये. आणि मुठीच्या मागे एक पट्टी होती. मूठ घट्ट आवळली तरच चाप ओढला जाई. लिंबू पिळल्यागत मूठ आवळावी लागे म्हणून लोक त्याला 'लेमन स्क्वीझर' म्हणू लागले. एका मुलाला झालेल्या अपघाताची बातमी वाचून डॅनियल वेसन यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात.

ह्या भीतीचे जाहिरातदारांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी आयव्हर जॉन्सन ह्या मॅसॅच्युसेट्समधल्याच कंपनीने एक जाहिरात छापली. रात्रीच्या झग्यातली एक लहान मुलगी बिछान्यात बसली आहे, शेजारी बाहुली, आणि हातात रिव्हॉल्व्हर. बाबांनी सांगितले आहे की ह्याने आपल्याला काही होत नाही, असा आशय मथळ्यात. त्या रिव्हॉल्व्हराचा घोडा आपटला तरी बार उडत नसे, हे खरे; पण चाप ओढल्यावर तो उडे हेही तितकेच खरे, आणि चित्रातल्या मुलीला बोटे होती. आज ते चित्र अंगावर येते. तेव्हा ते सभ्य घराघरांतल्या मासिकांत छापले गेले.

आता पुन्हा लेडीस्मिथकडे.

बंदुकांच्या संग्राहकांत ह्या पिस्तुलाविषयी एक आख्यायिका पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि इंटरनेटवर तुम्हांला ती हमखास भेटेल. ती अशी : डॅनियल वेसन हे धर्मनिष्ठ, करारी गृहस्थ. आपण कुलीन स्त्रियांसाठी बनवलेले हे नाजूक शस्त्र प्रत्यक्षात वेश्यांच्या हाती फार लोकप्रिय झाले आहे, असे त्यांना कळले. ते संतापले, आणि त्यांनी तत्काळ उत्पादन थांबवले.

कथा सुरेख आहे. तारखांपुढे मात्र ती टिकत नाही. डॅनियल वेसन ऑगस्ट १९०६ मध्ये वारले. लेडीस्मिथची दुसरी आवृत्ती १९०६ पासून १९१० पर्यंत बनली आणि तिसरी १९११ पासून १९२१ पर्यंत. एकूण सव्वीस हजारांच्या आसपास नग बनले, त्यांतले बारा हजारांवर तर ह्या शेवटच्या आवृत्तीचे. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी थांबलेले उत्पादन वेसन यांनी संतापून कसे थांबवले असेल? जाणकार सांगतात ते कारण रुक्ष आहे : .२२ची नवी, जास्त जोराची काडतुसे त्या चिमुकल्या सांगाड्याला पेलवत नव्हती.

मग ही कथा टिकली का? इतिहासाच्या विद्यार्थ्याला खोटी गोष्टही उपयोगी पडते. घडलेल्याविषयी ती काही सांगत नसेल, पण सांगणाऱ्यांविषयी पुष्कळ सांगते. ह्या कथेत पिस्तूल बाळगणाऱ्या स्त्रीच्या दोनच जाती आहेत. एक कुलीन, जिला नवरा किंवा बाप ते भेट देतो. दुसरी पतित, जिच्या हातात ते असणे हीच कारखानदाराची बेअब्रू. आता वास्तवाचा विचार करा. त्या काळच्या अमेरिकन शहरात अनोळखी पुरुषाच्या हिंसेचा धोका रोजच्या रोज कोणाला होता? वेश्याव्यवसायातल्या बाईलाच. म्हणजे ज्या स्त्रीला संरक्षणाची गरज सर्वांत अधिक, तिने ते घेतले तर शस्त्र विटाळते, असे ही कथा सांगते. आणि सांगणाऱ्यांना त्यात काही खटकत नाही.

त्याच काळात शहरात एकट्या फिरणाऱ्या, कचेरीत नोकरी करणाऱ्या बायकांचे खरे शस्त्र निराळेच होते : टोपी केसांत अडकवायची लांब पिन. ट्राममध्ये, बसमध्ये अंगचटीला येणाऱ्या पुरुषाला ती टोचली जाई, आणि बातम्या येत. नगरपालिकांना ह्यातून जो प्रश्न दिसला तो छेडछाडीचा नव्हता, पिनेच्या लांबीचा होता! १९१० मध्ये शिकागोच्या नगरसभेने नऊ इंचांहून लांब पिन वापरायला बंदी करून पन्नास डॉलरपर्यंत दंड ठेवला.

ह्या सगळ्या जाहिरातींत आणि आख्यायिकांत एक स्त्री कुठेच नाही. ती आहे आयडा बी. वेल्स. माझ्या मते 'पहिले पिस्तूल' घेणाऱ्या स्त्रियांच्या इतिहासात तिचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे, म्हणून इथे थोडे थांबू.

आयडाचा जन्म १८६२ चा, मिसिसिपीतल्या हॉली स्प्रिंग्ज गावी, गुलामगिरीत. पुढे ती टेनेसीतल्या मेम्फिस शहरात शिक्षिका झाली. आगगाडीत स्त्रियांच्या डब्याचे तिकीट हाती असताना, ती कृष्णवर्णीय आहे एवढ्यावरून तिला ओढून बाहेर काढले गेले. तिने रेल्वेवर दावा लावला, १८८४ मध्ये पाचशे डॉलरची भरपाई मिळवली, आणि १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. त्यानंतर ती वृत्तपत्राकडे वळली आणि 'फ्री स्पीच' ह्या पत्राची भागीदार झाली.

थॉमस मॉस हा मेम्फिसमधला पोस्टमन आयडाचा जिवलग मित्र. त्याच्या मुलीची ती धर्ममाता होती. मॉस आणि त्याच्या सोबत्यांनी 'पीपल्स ग्रोसरी' नावाचे किराणा दुकान काढले. समोरच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा बसू लागला. तंटा वाढत गेला, गोळीबार झाला, आणि मॉससह तिघे तुरुंगात गेले. ९ मार्च १८९२ च्या पहाटे जमावाने त्या तिघांना तुरुंगातून काढून शहराबाहेर नेले आणि गोळ्या घातल्या. त्याच दिवसांत कृष्णवर्णीय वस्तीतली शस्त्रे काढून घेतली जात होती.

आयडाने आपल्या आत्मचरित्रात लिहिले आहे की मॉसच्या हत्येनंतर तिने पहिले काम केले ते पिस्तूल विकत घेण्याचे. तिचे वय तेव्हा एकोणतीस. ते कोणत्या कंपनीचे, किती कॅलिबरचे, मुठीला मोती जडवलेले की साधे, ह्याबद्दल ती काही सांगत नाही. तिच्या दृष्टीने ते सांगण्याजोगे नव्हतेच. दगा झालाच तर कुत्र्यासारखे किंवा पिंजऱ्यातल्या उंदरासारखे मरण्यापेक्षा लढून मरावे, असा तिचा हिशेब होता. (हे आत्मचरित्र तिच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी, १९७० मध्ये, तिच्या मुलीने संपादून प्रसिद्ध केले.)

त्याच वर्षी 'सदर्न हॉरर्स' ह्या पुस्तिकेत तिने ही गोष्ट स्वतःपुरती न ठेवता धोरण म्हणून मांडली. जिथे लोक सशस्त्र उभे राहिले त्या फ्लॉरिडातल्या जॅक्सनव्हिलचा आणि केंटकीतल्या पडूकाचा दाखला देऊन तिने म्हटले की प्रत्येक कृष्णवर्णीय घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी, आणि कायदा जे संरक्षण देत नाही त्यासाठी ती वापरावी.

इथे जाहिरातीतल्या स्त्रीशी तुलना करून पाहा. जाहिरातीतली स्त्री रात्री घरात एकटी आहे, चोर अनोळखी आहे, पोलीस यायला थोडा वेळ आहे. आयडाचा शत्रू ओळखीचा होता. त्याच शहरातले प्रतिष्ठित लोक, आणि पोलीस त्यांच्याच बाजूचे.

पिस्तुलाने तिचे काय राखले? मे १८९२ मध्ये तिच्या एका अग्रलेखावरून जमावाने 'फ्री स्पीच'चा छापखाना उद्ध्वस्त केला. ती त्या वेळी पूर्वेकडच्या प्रवासात होती म्हणून वाचली, आणि परत आलीस तर मारू अशा धमक्यांमुळे मेम्फिस तिला कायमचे सुटले. छापखाना गेला, लेखणी राहिली. लिंचिंगविरुद्धची पुढची चार दशके तिने त्या लेखणीवर लढवली. पिस्तुलाला तिच्या आयुष्यात जागा होती, पण सारा भार तिने त्याच्यावर कधीच टाकला नाही.

तिची समकालीन अ‍ॅनी ओकली तुम्हांला ठाऊक असेलच : ओहायोच्या गरीब शेतकऱ्याची मुलगी, पाच फुटांहून कमी उंचीची, १८८५ पासून बफेलो बिलच्या खेळातली नेमबाज. १८९८ मध्ये स्पेनशी युद्धाचे ढग जमले तेव्हा तिने राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना पत्र लिहून पन्नास नेमबाज स्त्रियांची तुकडी देऊ केली, शस्त्रे व दारूगोळा स्वतःचा. सरकारने ती घेतली नाही. उतारवयात ती नॉर्थ कॅरोलायनातल्या पाइनहर्स्टला बायकांना नेमबाजी शिकवत असे. ह्या बाईच्या हयातीत तिच्याच धंद्यातले लोक बायकांना चिमुकले .२२ विकत होते, ही मला मोठी गंमत वाटते.

कारण 'लहान हाताला लहान पिस्तूल' ही समजूत यंत्रशास्त्राच्या दृष्टीने जवळपास उलटी आहे. गोळी पुढे जाते तेव्हा तेवढाच संवेग पिस्तुलाला मागे मिळतो. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने हातात आपटते आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. नळी आखूड झाली की नेम धरायच्या दोन खुणा जवळ येतात आणि हाताची बारीकशी चूक लक्ष्यावर मोठी होऊन उमटते. शिवाय खिशातल्या रिव्हॉल्व्हरचा चाप लांब आणि जड असतो, कारण एकाच ओढीत त्याला चक्रही फिरवायचे असते व घोडाही उचलायचा असतो. पाच-साडेपाच किलोचा जोर लागणे नवलाचे नाही. धक्का कमी करायचा तर काडतूस दुबळे घ्यायचे, म्हणजे १९०२ चे लेडीस्मिथ. सारांश, नवशिक्या स्त्रीच्या हाती दीडशे वर्षे जे दिले गेले ते एक तर सर्वांत दुबळे शस्त्र, नाही तर वापरायला सर्वांत अवघड शस्त्र. ते कपाटात शोभून दिसे, हा भाग वेगळा.

आता १९६६ मधल्या फ्लॉरिडात येऊ. ऑर्लँडो शहरात बलात्कारांच्या बातम्यांनी घबराट पसरली होती आणि बायका धडाधड पिस्तुले घेत होत्या. न शिकलेल्या हातांत एवढी शस्त्रे पाहून पोलिसांचीच झोप उडाली. स्थानिक वृत्तपत्राच्या साहाय्याने त्यांनी प्रशिक्षणवर्ग सुरू केले, आणि ऑक्टोबर १९६६ ते मार्च १९६७ ह्या काळात अडीच हजारांहून अधिक स्त्रिया चाप कसा ओढावा हे शिकून गेल्या. शहरात नोंदवल्या गेलेल्या बलात्कारांची संख्या १९६६ मध्ये छत्तीस होती; १९६७ मध्ये ती चारवर आली.

अमेरिकेतल्या शस्त्रवादी लिखाणात हा आकडा आजही फिरतो : ८८ टक्के घट! गॅरी क्लेक आणि डेव्हिड बोर्डुआ ह्या अभ्यासकांनी १९८३ मध्ये तो विद्वत्तेच्या दरबारात मांडला. बहुतेक धागे इथेच संपतात. पण छोट्या संख्या लहरी असतात. शहराचे आधीचे आकडेही वर्षागणिक वरखाली उड्या घेत होते, आणि १९६६ हे मुळात असाधारण वाईट वर्ष होते. त्यानंतर घट येणे अपेक्षितच. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकडॉवल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घ कालमालिका लावून पाहिली, तेव्हा ही घट नेहमीच्या चढउतारापेक्षा वेगळी काढता आली नाही. वर्गांचा उपयोग झालाच नाही, असे ह्याने सिद्ध होत नाही. मात्र त्या एका आकड्यावर जेवढा इमला चढवला आहे तेवढा तो पेलत नाही. मित्रहो, आपल्याकडच्या लढायांतले सैन्याचे आकडे वाचतानाही हीच सवय ठेवा.

१९८९ मध्ये 'लेडीस्मिथ' पुन्हा जन्मले. पुरुषांच्या बाजारात मागणी मंदावली होती. स्मिथ अँड वेसन ही अस्सल अमेरिकन कंपनी तेव्हा टॉमकिन्स ह्या ब्रिटिश उद्योगसमूहाच्या मालकीची होती, आणि नवे गिऱ्हाईक शोधणे भाग होते. नव्या मालिकेत .३८ स्पेशल काडतुसांची पाच फैरींची रिव्हॉल्व्हरे होती. मुठी बारीक केल्या होत्या, नाव नाजूक अक्षरांत कोरले होते. हाताच्या मापाची मूठ ही खरी सुधारणा होती, कारण बोट चापापर्यंत नीट पोचणे हाच नेमाचा पाया. कोरलेल्या अक्षरांनी नेमात काय फरक पडतो, ते कंपनीच जाणे.

त्याच साली 'विमेन अँड गन्स' हे मासिक निघाले आणि पॅक्स्टन क्विग्ली ह्या लेखिकेचे 'आर्म्ड अँड फीमेल' हे पुस्तक आले. क्विग्लीबाई एके काळी शस्त्रनियंत्रणाच्या चळवळीत होत्या. मैत्रिणीवर झालेल्या अत्याचारानंतर त्या उलट बाजूला गेल्या आणि हजारो बायकांना शिकवू लागल्या. त्यांच्या मताशी सहमत व्हा अगर होऊ नका, ह्या इतिहासात बाईने बाईला दिलेला सल्ला त्यांच्यापासून ठळकपणे दिसू लागतो. पुढे १९९२ मध्ये 'लेडीज होम जर्नल'मध्ये कोल्ट कंपनीची जाहिरात आली : आई मुलाला अंथरुणात झोपवते आहे, आणि खाली दोन पिस्तुले. स्वसंरक्षण हा हक्कच नव्हे, कर्तव्य आहे, असा सूर. नव्वद वर्षांपूर्वीच्या आयव्हर जॉन्सनच्या जाहिरातीची आठवण व्हावी अशी.

कोल्टच्या चित्रातही धोका घराबाहेर आहे. नेमक्या ह्याच जागी नव्वदच्या दशकातल्या वैद्यकीय संशोधकांनी हात घातला. १९९३ मध्ये आर्थर केलरमन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की घरात बंदूक असणे आणि त्या घरात कुणाचा तरी खून होणे ह्यांचा संबंध आहे. इतर गोष्टी जमेस धरूनही जोखीम २.७ पट. ह्या अभ्यासावर वादळ उठले : धोका होता म्हणून बंदूक आली की बंदूक आली म्हणून धोका वाढला, हा आक्षेप अजूनही घेतला जातो, आणि तो रास्त आहे. पण २००३ मध्ये जॅकलिन कॅम्पबेल यांनी अनेक शहरांतून केलेला अभ्यास जास्त नेमका आहे. मारहाण करणाऱ्या जोडीदाराच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा जीव जाण्याचा धोका सुमारे पाचपट होतो. 'घरातले पिस्तूल तिचे' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या घरातल्या खणाची किल्ली आणखी कोणाजवळ आहे हे विचारणे भाग पडते.

कायद्यानेही अखेर ही दिशा घेतली. १९९६ च्या लॉटनबर्ग दुरुस्तीने घरगुती हिंसेच्या किरकोळ गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांनाही बंदूक बाळगण्याची बंदी केली. जून २०२४ मध्ये 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध रहिमी' ह्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ठरवले की घरगुती हिंसेवरून न्यायालयाने ज्याला मनाई हुकूम दिला आहे आणि जो जोडीदाराच्या जिवाला धोका ठरला आहे, त्याचे शस्त्र काढून घेणे घटनेविरुद्ध नाही. स्त्रीच्या हाती काय द्यावे ह्यावर इतकी शतके चर्चा झाली. पुरुषाच्या हातून काय काढून घ्यावे हा प्रश्न त्या मानाने अगदी अलीकडचा.

आपल्याकडे हा प्रश्न दुकानात सुटत नाही; तो जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्तांच्या कचेरीत अर्जावर सुटतो. १८७८ च्या लिटनशाही शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून निःशस्त्र केले. त्याचा राग इतका होता की १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी त्याचीच आठवण देत दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. म्हणून १९५९ च्या कायद्यात शस्त्र ही परवान्याची गोष्ट राहिली.

डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माणीने खास स्त्रियांसाठी म्हणून एक रिव्हॉल्व्हर आणले. 'निर्भया' ह्या नावाची आठवण ठेवून त्याचे नाव 'निर्भीक' ठेवले. टायटॅनियम मिश्रधातू, वजन पाचशे ग्रॅम, पर्समध्ये बसेल असे. किंमत १,२२,३६० रुपये, आणि दागिन्यांच्या डबीसारखी मखमली पेटी. रात्रीच्या बसने घरी जाणाऱ्या मुलीने एवढे पैसे आणि वर परवाना कुठून आणायचा, असे तेव्हाच अनेकींनी विचारले. मणिपूरमध्ये बंदुकीने विधवा झालेल्या स्त्रियांसाठी काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्राम यांनी त्यावर कडाडून टीका केली.

निर्भीकची घडण वेब्ली आणि स्मिथ अँड वेसन ह्यांच्या जुन्या, मधून मोडून उघडणाऱ्या रिव्हॉल्व्हरांच्या धाटणीची आहे. त्यात जे .३२ लाँग काडतूस लागते ते १८९६ चे आहे, आणि ते प्रथम काढले स्प्रिंगफील्डच्या त्याच कारखान्याने.